गाठ अंडाशयात, काढली पिशवी

"पिशवी तर काढली ना माझी, मग ही गाठ आता कुठून आली?"

ऑक्टोबरात सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसून थोरल्या मावशीने मला हा प्रश्न विचारला. मावशी बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगार, वय चव्वेचाळीस. एकतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. "आत गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल," असं तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं. मुकादमाकडून पस्तीस हजारांची जास्तीची उचल घेतली, ऑपरेशन केलं, आणि ती उचल फेडायला पुढचे दोन हंगाम गेले.

घरी आल्यावर मी तिला जुने कागद काढायला लावले. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच पिशवीत तो तेरा वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा कागदही होता. घडीवर फाटलेला, पण वाचता येत होता. उजव्या अंडाशयात ३.८ सेंटीमीटरची पाण्याची गाठ. भिंत पातळ, आत घट्ट भाग नाही. आणि त्याच्या वरच्या ओळीत, स्वच्छ इंग्रजीत: गर्भाशयाचा आकार आणि रचना सामान्य.

म्हणजे गाठ होती अंडाशयात आणि काढलं निरोगी गर्भाशय. तिला इंग्रजी वाचता येत नाही, हे तो कागद तिच्या हातात देणाऱ्याला ठाऊक होतं.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर अवघड नाही. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याचा एक बारीक फुगा वाढतो आणि फुटून बीज बाहेर पडतं. कधी तो फुटत नाही, नुसता वाढत राहतो. कधी फुटून पुन्हा मिटतो आणि आत पाणी किंवा रक्त साठतं. झाली गाठ. अशा बहुतेक गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. पाच सेंटीमीटरच्या आतली, साध्या पाण्याची, त्रास न देणारी गाठ असेल तर पाळी चालू असलेल्या बाईला सहसा काहीच करावं लागत नाही. पाच ते सात सेंटीमीटरची साधी गाठ असेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. त्याहून मोठी असेल, आत घट्ट भाग असेल, पोटात पाणी झालं असेल किंवा बाईची पाळी कायमची गेलेली असेल, तर पुढच्या तपासण्या आणि गरज पडली तर ऑपरेशन. आणि अंडाशय जागेवर आहे तोवर, पिशवी असो वा नसो, गाठ पुन्हा होऊ शकते. मावशीची अंडाशयं ठेवली होती. त्यामुळे पाळी गेली, पण गाठ व्हायची शक्यता होती तिथेच राहिली.

या गाठीवरच्या पहिल्या उपचाराला डॉक्टर मंडळी 'थांबून पाहणे' म्हणतात. ऐकायला तो उपचार वाटतच नाही, पण तो उपचारच आहे, आणि माझं सगळं भांडण त्याच्याभोवती आहे. कारण थांबून पाहायला काय काय लागतं ते बघा. तीन महिन्यांनी पुन्हा त्याच मशिनपर्यंत येता यायला हवं. त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी चूल पेटायला हवी. रात्री अचानक पोटात कळ आली तर चार तासांच्या आत जिथे ऑपरेशन होईल तिथे पोचता यायला हवं. आणि समोरच्या डॉक्टरला वाटायला हवं की ही बाई सांगितलेलं समजू शकते आणि पुन्हा येईल. यातलं काय काय कुणाकडे आहे, हे या देशात जन्मावरून बऱ्यापैकी ठरतं. म्हणून म्हणते, थांबून पाहणे हा जातीने राखून ठेवलेला उपचार आहे.

माझंच सांगते. मला पहिली गाठ झाली चोविसाव्या वर्षी, साडेचार सेंटीमीटरची. शहरातल्या ज्या दवाखान्यात गेले तिथल्या बाईंनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, "कोणत्या योजनेत बसता का?" हेही विचारलं. पोटाला हात न लावता, नुसता रिपोर्ट बघून म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात काढून टाकू, डावं अंडाशयच काढू म्हणजे कटकट नको." सहा महिन्यांनी माझ्याच कॉलेजातली, वयानेही माझ्याएवढीच एक सहकारी त्याच बाईंकडे गेली. माझ्यापेक्षा मोठी गाठ, साध्याच पाण्याची. तिला सांगितलं, "तरुण आहेस, अंडाशय जपायला हवं, तीन महिने थांबू." तिचं आडनाव काय, ते मी इथे लिहायची गरज नाही.

मी वाचले ते एका आशाताईमुळे. तिने मला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत नेलं. चार तास रांगेत उभी राहिल्यावर एका शिकाऊ डॉक्टरने रिपोर्ट पाहिला, पोट तपासलं आणि म्हणाला, "दोन पाळ्या जाऊ द्या." दोन पाळ्यांनी गाठ नव्हती. पुढे आणखी एक झाली, तीही गेली. तिसरी मात्र राहिली. ती चॉकलेट सिस्ट होती, एंडोमेट्रिओसिसची. ही जात वेगळी. (गाठीची जात म्हणतेय.) गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशींचे थर अंडाशयावर रुजतात, तिथेच रक्तस्राव होतो आणि जुनं काळपट रक्त गाठीत साठत जातं. ही थांबून जिरत नाही. दुखणं वाढलं तसं दुर्बिणीतून ऑपरेशन करून फक्त गाठ काढली, अंडाशय ठेवलं. दोन वर्षांनी परत आली.

परत आली तेव्हा मी खूप रडले, माझंच काही चुकलं असं वाटून. आता समजतं की चॉकलेट सिस्ट ऑपरेशननंतर परत येणं ही नेहमीची गोष्ट आहे. प्रत्येक ऑपरेशनबरोबर अंडाशयाचा थोडा चांगला भागही जातो, म्हणून दर वेळी पोट उघडत बसत नाहीत. ऑपरेशननंतर हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी बरीच वर्षं चालू ठेवली तर परत येण्याचं प्रमाण कमी होतं. मी सध्या डायनोजेस्ट घेते. मध्येच डाग लागतात, काही दिवस मन उदास असतं, पण खाली वाकून खडू उचलता येतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही सांगून टाकते, कारण त्या सर्रास 'गाठ विरघळवायला' लिहून दिल्या जातात. असलेली साधी गाठ त्या विरघळवत नाहीत. ती तिच्या वेळेनेच जाते. बीज बाहेर पडणं थांबवून त्या नव्या गाठी कमी करू शकतात, एवढाच उपयोग. शिवाय रक्तदाब, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी, यातलं काही आहे का हे विचारल्याशिवाय त्या देऊ नयेत. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि सोनोग्राफीत 'पीसीओडी' लिहून येतं ते निराळं प्रकरण. ते वाढ अर्धवट राहिलेले बारीक फुगे असतात, काढायच्या गाठी नव्हेत. त्या शब्दाने घाबरवून कुणी ऑपरेशन टेबलावर बोलवत असेल तर उठून यावं.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. प्रत्येक सोनोग्राफीचा दिवस मला बुडीत पडतो. तरी मी मावशीशी बरोबरी करणार नाही. माझ्या बुडालेल्या तासाचा दंड कुणी माझ्याकडून घेत नाही.

मावशीकडून घेतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. हंगामाआधी मुकादम उचल देतो आणि ती अंगावर घेऊन जोडी कारखान्याच्या हद्दीत उतरते. एकाने एक दिवस सुट्टी घेतली की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर पाचशे रुपये दंड. पहाटे उठून फड, डोक्यावर मोळ्या, रात्री गाडी भरायची. राहायला पाचटाची कोपी, संडास नाही, पाणी लांब. अशा जागी अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं होणारच. त्याचं कारण बहुतेक वेळा साधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाच्या कोर्सने बरा होतो. पण कोर्स पुरा करायला पुन्हा दवाखाना, म्हणजे पुन्हा खाडा. पाळीचे दोन दिवस अंग उचलत नाही, म्हणजे दर महिन्याला दोन खाडे. मग कुणी सांगतो, पिशवीच काढ, कायमची कटकट जाईल.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचा आकडा आला. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. त्या वेळी सगळ्या वाहिन्या बीडला पोचल्या होत्या. 'अज्ञान', 'अंधश्रद्धा', 'जनजागृती' असे शब्द आठवडाभर उडत होते. आणि डॉक्टरांचा बचाव एकच: बायकाच येऊन म्हणतात, काढून टाका.

हो, म्हणतात. मावशीही म्हणाली होती. तिने हिशोब केला होता: वर्षाला किती खाडे, किती दंड, आणि पिशवी काढली तर किती वाचतील. तो हिशोब माझ्यासमोर मांडला तेव्हा त्यात मला चूक सापडली नाही. चूक होती तिला दिलेल्या माहितीत. गाठ अंडाशयात आहे हे तिला सांगितलं नव्हतं. ती आपोआप जाईल हे सांगितलं नव्हतं. पिशवी काढल्यावर अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकू शकतात, आणि अंडाशयंही काढली तर दुसऱ्या दिवसापासून म्हातारपण सुरू होतं, हाडं झिजतात, हृदयाचा धोका वाढतो, म्हणून नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे लागतात, यातलं काहीही सांगितलं नव्हतं. सांगितला फक्त एक शब्द, कॅन्सर. उचलीच्या ओझ्याखाली आणि कॅन्सरच्या धाकाने उठवलेल्या अंगठ्याला तुम्ही संमती म्हणता, तर वेठबिगारीलाही संमतीच म्हणा.

"यात जात कशाला आणता, हा गरिबीचा प्रश्न आहे," असं म्हणणारे आपल्याच पुरोगामी वर्तुळात भरपूर आहेत. त्यांना विचारते, ऊस तोडणारे कोण आहेत? दलित, बंजारा, वंजारी, भटके, आदिवासी. साखर कारखान्याच्या संचालक मंडळात कोण आहेत? हे बीडपुरतंही नाही. राजस्थानातल्या दौशापासून बिहार, छत्तीसगडपर्यंत हीच गोष्ट घडली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यात ज्या स्त्रियांशी बोलणं झालं त्यांतल्या बहुतेक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी समाजांतल्या होत्या. श्रीमंत सवर्ण बायकांचीही नको ती ऑपरेशनं होतात, हे मान्य. पण त्यांना दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायला मावसभाऊ असतो. आमच्या मावसभावाकडे कोयता आहे.

या याचिकेमागची एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य बिमा योजना आली, कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत, पण फक्त दवाखान्यात दाखल झाल्यास. नको ती ऑपरेशनं करून या योजनेचे पैसे उचलल्याचे आरोप बिहार आणि छत्तीसगडमध्ये झाले. आज आयुष्मान भारतचं कवच ५ लाखांचं आहे, पण पाया तोच: दाखल झालात तर पैसे. तीन महिन्यांनी करायच्या नुसत्या सोनोग्राफीचे पैसे त्यात बसत नाहीत. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्यांचे नाहीत. त्या दिवशीच्या मजुरीचा तर विषयच नाही. थोडक्यात, सरकार आमचं पोट फाडायचे पैसे देतं, थांबून पाहायचे देत नाही. मग दवाखाने काय करणार हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

५ एप्रिल २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. केंद्राने २०२२ साली काढलेली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असं सांगितलं. त्यांत राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. बीडमध्ये त्याआधीच, खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायचा नियम आला. नियम हवाच. पण नियमाने बाईच्या वाटेत आणखी एक साहेब उभा केला आणि खाडा तसाच ठेवला. दुखणाऱ्या बाईने आता परवानगीसाठीही खाडा भरायचा.

इथे आपल्या बाजूच्या काही लोकांशीही भांडायचं आहे. पिशवी काढण्याविरुद्ध बोलता बोलता आपण ऑपरेशनविरुद्धच बोलू लागतो. सवर्ण स्त्रीवादी मैत्रिणी तर पुढे जाऊन योगासनं, मेथीचं पाणी आणि ताणमुक्ती सांगतात. ताई, ताण उसाच्या मोळीचा आहे, श्वास सोडून जाणार नाही. आमच्या बायकांना नको ते ऑपरेशन जसं होतं, तसं हवं ते होतही नाही. मोठ्या गाठीमुळे अंडाशयाला पीळ बसतो, रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू होतात. त्या वेळी थांबून पाहणं म्हणजे अंडाशय गमावणं, काही तासांत टेबलावर घ्यावं लागतं. गाठ फुटून आत रक्त वाहू लागलं, चक्कर येऊ लागली, तरी तेच. अशा वेळी "सहन कर, पाळीचं दुखणं आहे" म्हणून परत पाठवलेल्या बायका मला ठाऊक आहेत. डर्मॉइड नावाची गाठ असते, आत केस आणि चरबी सापडतात (गावात त्याला करणी म्हणतात). तीही आपोआप जात नाही. मोठी होऊ लागली किंवा दुखू लागली तर काढावीच लागते, तिथे नुसती गाठ काढता येते. पोट फुगत राहणं, दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटणं, घरात आई-बहिणीला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काही असेल तर कॅन्सरची शंका घेणंच बरोबर. फक्त सीए-१२५ नावाच्या एका रक्ततपासणीवर तरुण बाईला कॅन्सरने घाबरवू नये. ती एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते, साध्या पाळीतही वाढते.

तेव्हा मागणी ऑपरेशनं कमी करा अशी नाही. मागणी आहे की कोणती गाठ, कुठे, काय काय करता येईल, हे बाईला तिच्या भाषेत कळावं, आणि थांबायचं ठरवलं तर त्याचा खर्च तिने एकटीने उचलू नये.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाईच्या शरीराला लागणाऱ्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, ही ती मांडणी होती. पुढच्या वर्षी कायदा झाला. तिथून आजवर शतक सरत आलं आणि उसाच्या फडात अजून उलटा कायदा चालू आहे, विश्रांती घेतली तर बाईच मालकाला पैसे देते. खाडा हा दंड बेकायदा ठरवून कारखान्यावर जबाबदारी टाका. मुकादमावर नको, कारखान्यावर, कारण ऊस त्याच्या गव्हाणीत जातो. दर हंगामात दवाखान्याचे दिवस भरपगारी धरा. योजनेत ओपीडी आणि फेरतपासणीची सोनोग्राफी घाला. सोनोग्राफीचा रिपोर्ट मराठीत द्या. काढलेला अवयव तपासणीला पाठवा आणि त्या तपासणीचा कागद बाईच्या हातात द्या. मावशीच्या पिशवीत काय सापडलं याचा कागद तिच्याकडे नाही, कारण तो बहुधा निघालाच नाही.

१९६१ साली अमेरिकेतल्या मिसिसिपीत कापसाच्या मळ्यावर राबणारी एक काळी स्त्री गर्भाशयातली छोटी गाठ काढायला दवाखान्यात गेली, आणि तिला न विचारता तिचं गर्भाशयच काढलं गेलं. तिचं नाव फॅनी लू हेमर. पुढे ती नागरी हक्कांच्या चळवळीतली मोठी नेता झाली आणि हे काळ्या बायकांसोबत सर्रास होतं, हे तिने जाहीरपणे सांगितलं. मावशीला मी ही गोष्ट सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "तिला उचल किती होती?"

मावशीच्या आताच्या गाठीचा रिपोर्ट मी दोनदा वाचला. चार सेंटीमीटर, साधं पाणी. डॉक्टर चांगल्या होत्या, चित्र काढून समजावलं, म्हणाल्या तीन महिन्यांनी परत बघू, घाबरायचं काही नाही. तीन महिन्यांनी म्हणजे जानेवारी. जानेवारीत मावशी बेळगावकडच्या एका कारखान्याच्या हद्दीत असेल. मी तिथल्या जवळच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी कोणत्या वारी असते ते फोन करून विचारून ठेवलं आहे. मराठी आणि कानडी, दोन्हीत एका चिठ्ठीवर लिहून तिच्याकडे दिलं आहे: पिशवी काढलेली आहे, डाव्या अंडाशयात गाठ आहे, फक्त तपासायचं आहे.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. मुकादमाला विचारलं म्हणाली. एक दिवस दिला त्याने. पाचशे लावणार आहे.